उलट्या पिळाची गाठ

सन पंचावन्नची ही गोष्ट. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते, तापीचं पाणी निवळलं होतं. पुनाच्या वहिनीच्या माहेराहून, एरंडोलहून, तिचा भाऊ रुपचंद दोन दिवसांनी येणार होता. पाहुण्यासाठी मरळ मिळते का बघावं म्हणून पुना जेवण उरकून डोहावर गेला.

गांडूळ त्याने घेतलं नव्हतं. त्याच्याजवळ पत्रा ठोकून केलेली बोटाएवढी पितळी मासोळी होती. दोरीने पाण्यातून ओढली की ती जिवंत माशासारखी लवलवायची. ती त्याच्या थोरल्या भावाने, धनसिंगने, केलेली. दोन वर्षांपूर्वी ती याच डोहात खडकात अडकली, आणि सोडवायला धनसिंगने बुडी मारली. मासोळी सुटून वर आली. धनसिंग आला नाही.

प्रेत मिळालं नाही, म्हणून त्याची बायको मंजुळाबाई अजून कुंकू लावायची. समजवायला आलेल्या बायांना ती एकच सांगे, "त्यासनं काहीबी दखाडा. मंग पुसी टाकसू."

त्या दुपारी मासा मासोळीच्या शेपटीला तोंड लावायचा नि सोडून द्यायचा. तीनदा असं झालं. पुना खडकावर बसला. शेपटीमागे चार बोटांवर त्याने तारेने आणखी एक गळ जोडला. त्या वजनाने मासोळी मागून लोंबू लागली, तशी त्याने पकडीने तिचं नाक जरा वर वाकवलं, काठच्या पाण्यात ओढून पाहिली. सरळ पोहत होती. मग डोहात फेकली.

दोरी ताणली. पण माशाचा झटका बसला नाही. कुणी ती हातात धरून नुसती पाहावी, तसा एक संथ ताण आला. मग दोरी सैल पडली.

पुनाने मासोळी वर घेतली. मागचा गळ जागच्या जागी होता, पण तार नव्हती. गळ सुताने बांधला होता आणि गाठीचा पीळ उलटा होता.

कडबा तोडताना धनसिंगच्या उजव्या हाताचं बोट गेलं होतं. तेव्हापासून तो डाव्या हाताने गाठ मारायचा, नि पीळ उलटा पडायचा. गावात तशी गाठ दुसऱ्या कुणाची नव्हती.

पुना रित्या हाताने घरी आला. मंजुळाबाई चुलीपुढे होती. त्याने मासोळी तिच्या तळहातावर ठेवली. ती गाठीवरून बोट फिरवत राहिली.

"कोनी बांधी?" तिने हळूच विचारलं.

"मी नही बांधी, वैनी."

"मी सकाय येस तुनासंगे."

"तू नको येऊ..."

"दोन वरीस मी त्या वाटले पाय लावा नही," ती म्हणाली. "आते येस."

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर दोघं गेली. पुनाने रात्रीच मासोळीला सुताने तीन मोठे गळ बांधले होते, दोन पोटाखाली आणि एक मागे. मासा धरायचा विचार आता नव्हताच. खाली जे काही होतं ते ओढून काढायचं, वहिनीला दाखवायचं आणि अग्नी द्यायचा, एवढंच त्याच्या मनात होतं.

मंजुळाबाई त्या गळांकडे पाहत होती. "त्यासले लागी ना, पुनाभाऊ..."

"लागनं तं वर यी," पुना म्हणाला, आणि दोरी डोहात फेकली.

मासोळी बुडाली. थोड्या वेळाने दोरीला ओझं आलं. दोघांनी मिळून ओढायला घेतलं. ओझं हातहात वर येत होतं. पाण्याला कुजक्या गाळाचा वास सुटला, काठचे बगळे उडून गेले. पाण्याखाली काहीतरी फिकट दिसू लागलं. मंजुळाबाईने दोरी सोडली नाही. उलट ती एक पाऊल पुढे, पाण्यात गेली. मग अजून एक.

"वैनी... मांगे ये..."

तिने ऐकलं नाही. पाणी तिच्या कमरेला लागलं, तेव्हा पुनाने दोरी टाकून तिला दंडाला धरून मागे ओढलं. फिकट ते खाली गेलं. दोरी काठावर ढिली पडली होती. तिच्या टोकाला मासोळी होती. तीनही गळ कुणीतरी गाठी सोडून काढून घेतले होते.

घरी आल्यावर ओलं लुगडं बदलताना तिला पदराच्या काठात एक गळ रुतलेला सापडला. दुसरा निऱ्यांमध्ये होता. तिसरा दोघांनी पुष्कळ शोधला, मिळाला नाही.

"त्यासनी माले धरं," ती म्हणाली. संध्याकाळी तिने कुंकू पुसलं.

रुपचंद आल्याबरोबर पुनाने तिला त्याच्याबरोबर एरंडोलला पाठवून दिलं. तापी तिथून उत्तरेला किती तरी कोस लांब. पितळी मासोळी त्याने दगडाने ठेचून शेणखताच्या खड्ड्यात पुरली.

महिन्याने रुपचंदचं कार्ड आलं. अक्काची तब्येत बरी आहे, काळजी नसावी, असं लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरात आणखी दोन ओळी होत्या. अक्का निजते ती बाज रोज सकाळी वीतभर सरकलेली असते. आम्ही बाजेचे पाय खुंट्यांना बांधून पाहिले. सरकते ती उत्तरेच्या भिंतीकडेच.