बेचाळीस फायली

चुकीचं दार उघडलं, म्हणून ती भेट झाली. तिला जायचं होतं स्टुडिओतल्या साउंडच्या खोलीत आणि ती घुसली शेजारच्या अंधाऱ्या खोलीत. आत एक तरुण पडद्याला जवळजवळ नाक टेकवून, हातात चक्क भिंग घेऊन, पाण्याचा एक थेंब न्याहाळत होता.

"दार लावा. उजेड येतोय," मागे न वळताच तो म्हणाला.

तिनं दार लावलं... आणि आतच राहिली. का, ते तिला धड सांगता आलं नसतं.

व्हिडिओ आवळून लहान करायचा, पण बिघडू द्यायचा नाही, हे त्याचं काम. घाई केली की चित्र खराब होतं, चित्र जपलं की फाईल फुगते, आणि दोन्ही सांभाळायचं तर मशीन तासन्‌तास अडकून पडतं. हे तो इतका रंगून सांगे, की ऐकणाऱ्यानं घड्याळ विसरावं. ती विसरली. मनातल्या मनात त्याचं नाव भिंगवाला ठेवूनही मोकळी झाली.

तिचंही घोडं तिथंच अडलं होतं. बावीस मिनिटांची फिल्म शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत एका महोत्सवाला पाठवायची होती, आणि फाईल दोन जीबीच्या वर चालणार नव्हती. फिल्म तिच्या सुतार बाबांवरची. चाळीस वर्षांचं दुकान बंद करताना बाबांनी शेवटची फळी कापली, तेव्हा खिडकीतून आलेल्या उन्हात भुसा उडाला होता. ते दृश्य पुन्हा मिळणार नव्हतं. दुकान विकून झालं होतं.

"चार दिवस द्या. योग्य सेटिंग शोधून देतो," भिंगवाला म्हणाला.

चारही दिवस तिला काही ना काही निमित्त सापडलंच. वहीत त्यानं रेघा मारून तीन रकाने पाडले होते – वेळ, आकार, दर्जा – आणि मोत्यासारख्या अक्षरात ओळीमागून ओळ भरत होता. सहसा कुणाच्या लक्षातही येणार नाही अशा गोष्टीसाठी हा माणूस जीव टाकत होता, आणि ते पाहताना तिला फार बरं वाटे. ती आली की तो गडबडीनं पडद्यावरचं काहीतरी बंद करी, एवढंच जरा विचित्र.

शुक्रवारी सकाळी दहाला त्यानं तयार फाईल लावली. "चाळीस मिनिटांत झाली. आकारही बसला."

बाबांचा चेहरा, हात, करवत... सगळं सुरेख. मग भुसा उडाला, आणि पडद्यावर नुसते चौकोनी डाग पसरले. उन्हाचा पार चिखल झाला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझी चूक," तो हळूच म्हणाला. "चाचणीला भुशाचाच तुकडा घ्यायला हवा होता. सगळ्यात अवघड तोच. मी... दुसरा घेतला."

"कुठला?"

तिनं माऊस ओढून घेतला. फोल्डरमध्ये बेचाळीस फायली होत्या, आणि प्रत्येकीत तीच! शूटिंगआधी उजेड तपासायला ती कॅमेऱ्यासमोर बसली होती, केस मागे सारून हसली होती, तिनं दिलेल्या डिस्कवर राहून गेलेला तो तुकडा.

"हा तर फिल्ममध्ये नाहीच."

"माहीत आहे," तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

रागवायला हवं होतं. पण आधी फिल्म. सावकाश सेटिंगला सहा तास लागणार होते, म्हणजे संधी एकच. त्यानं स्टुडिओच्या साहेबांकडे जाऊन सरळ सांगितलं, चूक माझी आहे, आज हे मशीन मला द्या. बोलणी खाऊन आला आणि काम सुरू केलं. चूक कुणाच्या माथी न मारता पदरात घेणारा माणूस तिला त्या क्षणी इतका आवडला, की राग कुठल्या कुठे गेला.

दोघं पडद्यावरचे टक्के मोजत बसले. तीन वाजता बाबांचा फोन आला, "गेलं का गं?"

"जातंय, बाबा."

फोन ठेवून ती म्हणाली, "बेचाळीस वेळा पाहिलंस मला?"

"फायली बेचाळीस. वेळा मोजल्या नाहीत." मग तो म्हणाला, "तुझ्या डाव्या भुवईजवळ एक बारीक खूण आहे. आवळलं की तीच आधी पुसली जाते. मग प्रत्येक फाईलमध्ये मी तीच शोधत बसलो... भुसा राहूनच गेला."

तिचं बोट भुवईकडे गेलं. त्या खुणेकडे आजवर तिनं स्वतःही लक्ष दिलं नव्हतं.

सव्वाचारला काम संपलं. आकार दोन जीबीच्या आत. बाबांची करवत फिरली आणि भुसा उडाला – कण न् कण वेगळा, उन्हात तरंगणारा. पाचला दहा मिनिटं असताना फिल्म पोहोचल्याचा निरोप आला.

"आता त्या बेचाळीस काढून टाक," ती म्हणाली.

त्यानं त्या निवडल्या, आणि बोट अडलं. "एक ठेवू? सगळ्यात मोठी?"

"एकही नको. मला तू आवडतोस, आणि मी इथं तुझ्यासमोर बसलेय. फाईल कशाला हवी?"

त्यानं बटण दाबलं. मग खुर्ची वळवून, पडद्याकडे पाठ करून, तो तिच्याकडे पाहत बसला.