हिराच्या थालीपिठांवरचा आळ

फोन आला तेव्हा सुचित्राबाई देवापुढे फुलवाती वळत बसल्या होत्या.

“काकू, मी हिरा. जरा खाली येता का? अन्न खात्याची माणसं आलीत. माझी शेगडी बंद करायला सांगतायत.”

सुचित्राबाईंनी कापूस तसाच ताम्हनात ठेवला आणि लिफ्टकडे धाव घेतली.

हिराच्या दारात दोन अधिकारी बूट घालत होते. माणसं सभ्य होती. “चौकशी होईपर्यंत विक्री बंद, ओके, मॅडम?” एवढंच बोलून ती निघून गेली. आत ओट्यावर हिरा हात टेकून उभी होती. तिचा नवरा रत्नदीप खिडकीशी पाठमोरा बसलेला. पाच महिन्यांपूर्वी त्याची नोकरी गेली, तेव्हापासून घर हिराच्या शेगडीवर चाललं होतं. सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागातल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर कुणी साड्या विकी, कुणी ब्लाउज शिवून देई, आणि खाण्याचं म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी हिराचंच नाव.

“काय झालंय नक्की?”

“एकादशीला माझी थालीपिठं खाऊन तिघं आजारी पडली म्हणतात. उल्हासदादा, अनुया आणि शुभदाताईंचे मनोहरकाका. काका तर अजून हॉस्पिटलात आहेत. अहवाल वाईट गेला तर शेगडी कायमची बंद होणार.” हिराचा आवाज कोरडा होता. “काकू, मी त्या दिवशी वीस घरांना थालीपिठं दिली. बाकीची सतरा घरं कशी ठणठणीत?”

सुचित्राबाईंनी एकादशीचा दिवस मनात पुन्हा मांडून पाहिला.

एकादशीच्या संध्याकाळी त्याही शुभदाताईंच्या घरी भजनाला गेल्या होत्या. शुभदाताई म्हणजे भजनी मंडळाचा कणा. दारापासून वेलदोड्याचा घमघमाट सुटलेला. सुचित्राबाईंची निर्जळी एकादशी, म्हणून प्रसादाचा शिरा कपाळाला लावून त्यांनी शेजारी बसलेल्या मनोहररावांच्या हातावर ठेवला. “वहिनी, तुमचं पुण्य पण मलाच?” असं म्हणून मनोहरराव हसले होते. उशिरा आलेल्यांना केळ्याचे काप मिळाले. घरी आल्यावर सून उल्काने रोजच्यासारखं विचारलं होतं, “आई, काही घेतलंत का तिकडे?” आणि यांनी मान हलवली होती. घेतलं नव्हतंच काही.

“थालीपिठात काय काय घालतेस गं?” सुचित्राबाईंनी विचारलं.

“साबुदाणा, बटाटा, राजगिरा. दाण्याचं कूट, मिरची.”

“भगर?”

“नाही. भगर घातली की थालीपीठ कडक होतं. का?”

“उगीच विचारलं.”

पण ते उगीच नव्हतं. आजाऱ्यांना काय काय झालं ते हिराने सांगितलं होतं: उलट्या, घाम, आणि हात असे थरथरत होते की पेला धरवत नव्हता. हे थरथरणं सुचित्राबाईंनी माहेरी पाहिलं होतं. उपासाचे दिवस आले की जुन्या, दमट भगरीच्या पिठाने गावात कुणाकुणाला असाच कंप सुटायचा. पण हिराच्या थालीपिठात भगरच नव्हती.

*

अनुया सोफ्यावर पांघरूण घेऊन पडली होती.

“त्या दिवशी काय काय खाल्लंस?”

“काकू, हिराची थालीपिठं. दुसरं काही नाही, देवाशप्पथ.”

“भगरीचं काही?”

“छे! भगर केली कुणी?”

“भजनाला कधी गेलीस?”

“सगळ्यांच्या आधी. पेटी माझ्याकडे ना.” मग अनुया हळूच म्हणाली, “खरं सांगू का? त्यांच्यात एकादशी नसतेच. उपासाच्या पदार्थांचं त्यांना काय कळणार? आपणच वेडे, त्यांच्याकडून मागवतो.”

असल्या बोलण्याला त्या कधीच उत्तर देत नसत. आजही दिलं नाही, पण निरोप न घेताच त्या उठल्या.

उल्हास फोनवर भेटला.

“वहिनी, दोन थालीपिठं खाल्ली. तेवढंच.”

“आणखी काही? आठवून बघ.”

“काही नाही हो. चहासुद्धा नाही. मी तर सतरंज्या घालायला लवकर गेलो होतो, खायला वेळ कुठे?”

लवकर. हाही लवकरच. दोघांचंही म्हणणं एकच: दुसरं काही खाल्लं नाही. खोटं बोलायचं त्यांना काही कारणही नव्हतं.

शुभदाताईंच्या दारात चपला काढताना सुचित्राबाईंना आत फिनेलचा वास आला. ओट्यावर स्टीलचा मोठा डबा धुऊन पालथा घातलेला होता.

“सगळी फडताळं आवरायला काढली,” शुभदाताई म्हणाल्या. “इथली हवा मेली दमट. काही टिकत नाही.” त्यांचे डोळे सुजलेले होते.

“मनोहरराव कसे आहेत?”

“हात अजून कापतोय. डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं, मी सांगितलं. हिराकडची दोन थालीपिठं. डबा चाटूनपुसून खाल्ला हो त्यांनी.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “ताई, कुणाचं वाईट चिंतायचं नाही मला. पण माणूस मरता मरता वाचलंय.”

“तक्रार कुणी केली असेल?”

“मला काय ठाऊक! कुणीतरी केली ते बरंच केलं.”

*

रात्रभर विचार करून काही निघालं नाही. त्या पुन्हा हिराकडे गेल्या.

“अधिकाऱ्यांनी काही दाखवलं का तुला?”

“टॅबवर एक फोटो दाखवला. तक्रारीसोबत आलेला. माझा डबा होता, आत दोन थालीपिठं, वर तुळशीचं पान. काळं पडलेलं. काकू, मी तुळस घालत नाही. माझ्याकडे तुळसच नाही.”

“दोन्ही थालीपिठं अख्खी होती?”

“अख्खी.”

बाहेरून आलेल्या अन्नावर तुळशीचं पान ठेवून आधी देवाला दाखवणारं ग्रुपमध्ये एकच घर होतं. पण नवऱ्याच्या आजारपणाने बायको घाबरली, तक्रार केली, त्यात नवल काय? तेवढ्यावरून कुणाला दोषी धरायचं? आणि भगरीचं कोडं होतं तसंच होतं. हिराच्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकली होती.

गुरुवारी त्या देवळात गेल्या. आरती झाली, पुजाऱ्याने हातावर खोबऱ्याची वडी ठेवली. ती तोंडात टाकून त्या घरी आल्या. उल्का लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, “आई, बाहेर काही खाल्लंत का? जेवण गरम करू?”

“नाही गं, काही नाही खाल्लं.”

आणि त्या जागच्या जागी थबकल्या. जिभेवर अजून खोबरं होतं.

*

शनिवारी मनोहरराव घरी आले. दुपारी सुचित्राबाईंनी अनुयाला आणि उल्हासला तिथेच बोलावलं. स्वतः हिराला घेऊन गेल्या. हिराला दारात पाहून शुभदाताईंचा चेहरा आवळला गेला.

“हिला कशाला आणलंत ताई?”

“तिच्याच शेगडीचं बोलायचंय. तिच्या मागे कसं बोलू?” सुचित्राबाई खाली सतरंजीवर बसल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, थोडा कापरा. “अनुया, उल्हास, तुम्ही दोघं खरं बोललात. खाल्लंत काय, तर थालीपिठं. मीही तुमच्यासारखीच. देवळातून येते आणि सुनेला सांगते, काही खाल्लं नाही. प्रसाद काय आपण खाण्यात धरतो?”

अनुयाने चमकून वर पाहिलं.

“त्या दिवशी प्रसादाला शिरा होता. एकादशीला रव्याचा शिरा कुणी करेल का? तो भगरीच्या पिठाचा होता. लवकर आले त्यांना शिरा मिळाला. संपल्यावर उरलेल्यांना केळी. उल्हास सतरंज्या घालायला आधी आलेला, अनुया पेटीसाठी. दोघं आजारी. उशिरा आलेलं एकही माणूस आजारी नाही, आणि थालीपिठं तर त्यांनीही खाल्लीत.”

“शिरा मीच केला की, मग मला कसं...” शुभदाताई बोलू लागल्या.

“घरची बाई शेवटी घेते. तुमच्या वाट्याला उरलाच नाही. आणि मनोहररावांना सगळ्यांत जास्त त्रास झाला, कारण त्यांनी दोन वाटे खाल्ले. दुसरा माझ्या हातून गेला.” सुचित्राबाईंनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. “ते माझ्या मनातून जात नाही.”

“प्रसाद आहे तो, ताई! प्रसादाला नावं ठेवता?”

“प्रसादाला नाही. पिठाला. शुभदाताई, पीठ कुबट होतं ना? म्हणून इतका वेलदोडा. आणि म्हणूनच डबा धुऊन पालथा घातलात.”

शुभदाताई पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या.

“वहिनींनी गावाहून आणलेलं होतं,” अखेर त्या म्हणाल्या. “सात-आठ महिने झाले असतील. वास येत होता थोडा. वाटलं, तुपात भाजलं की जाईल.”

“चूक कुणाच्याही हातून होते. पण तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत, त्यांनी हिराची थालीपिठं खाल्ली. डबा चाटूनपुसून, असं मला म्हणालात. तक्रारीतल्या फोटोत दोन्ही थालीपिठं अख्खी आहेत. वरची तुळस काळी पडलीय, म्हणजे फोटो दुसऱ्या दिवशीचा. खाल्लेली थालीपिठं दुसऱ्या दिवशी डब्यात कशी? आणि आलेल्या अन्नावर तुळस तुमच्याशिवाय कोण ठेवतं?”

अनुयाने तोंडावर हात ठेवला.

हिरा पहिल्यांदाच बोलली. “ताई, तुम्हाला कधी कळलं?”

“ह्यांना अँब्युलन्समध्ये घातलं तेव्हा.”

“आणि तक्रार कधी केलीत?”

शुभदाताईंनी वर पाहिलं नाही. “दुसऱ्या दिवशी. पूजा झाल्यावर.” मग एकदम त्यांचा बांध फुटला. “मी काय करणार होते गं? माझ्या घरचा देवाचा प्रसाद खाऊन माणसं आडवी झाली, हे कुणाला सांगू? कोण पाऊल टाकेल या घरात? तू काय, दुसरं काहीतरी विकशील!”

“दुसरं काय विकू, ताई?” हिराने विचारलं.

सुचित्राबाईंनी मोबाइल पुढे केला. “मी काल अधिकाऱ्यांशी बोलले. ते म्हणतात, ऐकीव गोष्ट घेता येत नाही. आजारी माणसांनी स्वतः जबाब दिला तरच. मनोहरराव, तुमचा जबाब सगळ्यांत महत्त्वाचा. तुम्ही ती थालीपिठं खाल्ली नाहीत एवढंच सांगायचं.”

मनोहररावांनी बायकोकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात मांडीवर अजून हलत होता. त्यांनी डावा हात त्यावर दाबून धरला.

“वहिनी, मला त्या दिवशीचं काही आठवत नाही.”

“आठवत नाही?”

“नाही.”

“उल्हास?”

“वहिनी, कळतंय हो सगळं,” उल्हास सतरंजीची दशी ओढत म्हणाला. “पण मी थालीपिठं खाल्लीच होती ना. आणि सरकारी कागदात प्रसादाचं नाव... उद्या इथे भजनच बंद करायला सांगतील. आपल्याआपल्यात मिटवू. हिरा, आम्ही ग्रुपवर लिहू काहीतरी चांगलं.”

अनुया रडत होती. मोबाइल तिच्याकडे वळला तशी ती मागे सरकली.

मोबाइलचा पडदा सुचित्राबाईंच्या हातात विझून गेला. त्यांनी सगळं शोधून काढलं होतं आणि सगळ्यांनी ते कबूलही केलं होतं. आता ते घेऊन जायचं कुठे, हेच त्यांना कळेना. इतकी वर्षं त्यांनी या माणसांबरोबर टाळ धरला होता. हात जोडून विनवावं असंही मनात आलं, पण विनवायला समोर कुणी डोळे वर करून बसलेलंच नव्हतं.

हिरा उठली. “निघते मी,” असं म्हणून तिने दाराबाहेर पायांत चपला सरकवल्या.

सुचित्राबाई तिच्यामागे बाहेर आल्या. लिफ्टपाशी दोघी उभ्या राहिल्या.

“हिरा, मला माफ कर. माझ्याने काही झालं नाही.”

“तुम्ही निदान विचारलंत, काकू. बाकी कुणी विचारलंही नाही.”

हिराच्या हातचं सुचित्राबाईंनी दोन वर्षं खाल्लं होतं. तिच्या घरी मात्र पाण्याचा पेलाही कधी घेतला नव्हता. डबा घ्यायचा, पैसे पाठवायचे, वर निघून यायचं. कुणी मनाई केली नव्हती. त्यांनीच कधी घेतला नव्हता.

“आज माझा शनिवार असतो,” त्या चाचरत म्हणाल्या. “संध्याकाळी उपास सोडते. तुझ्याकडे सोडला तर चालेल?”

लिफ्टचं बटण आधीच लागलेलं होतं, ते हिराने पुन्हा दाबलं.

“वरण-भातच आहे घरात.”

“मला वरण-भातच लागतो.”

लिफ्ट आली. हिरा आत गेली आणि दार मिटू नये म्हणून हात आडवा धरून उभी राहिली.

“सात वाजता या,” ती म्हणाली. “रत्नदीपला भात जास्त लावायला सांगते.”