वाक्यानंतरची जागा

शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सगळे त्यांना बाईच म्हणत. रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी शिकवणारे धडे त्या आता घरीच रेकॉर्ड करत. त्यांचा स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं मोठं लाकडी कपाट. कपडे काढून आत ब्लँकेटं टांगायची, स्टुलावर बसायचं आणि दार ओढून घ्यायचं. वेळ दुपारची, रस्ता पेंगत असतानाची. पद्धतही ठरलेली. एक वाक्य म्हणायचं, मग मनात पाचपर्यंत मोजत गप्प बसायचं. त्या रिकाम्या जागेत शिकणाऱ्याने तेच वाक्य म्हणायचं असतं.

त्या दिवशीचा धडा एकटं राहण्यावर होता. बाईंनी तो मुद्दामच निवडला होता, कारण थोरला भाऊ महिनाभर हात धुऊन मागे लागला होता. एकट्या बाईने राहू नये, घर विकून टाक, आमच्याकडे ये. आज काय ते शेवटचं सांग, असं त्याने सकाळीच बजावलं होतं. हे घर बाईंनी स्वतःच्या हिमतीवर घेतलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या मनासारख्या जगत होत्या.

रेकॉर्डिंग संपवून त्या ऐकायला बसल्या. "आय लिव्ह अलोन." मग शांतता... आणि त्या शांततेत कुणीतरी हळूच म्हणालं, "आय लिव्ह अलोन."

आवाज बायकी होता, माईकला ओठ लागावेत इतका जवळचा.

 बाईंनी घरभर फिरून कड्या तपासल्या, पलंगाखाली वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. कालच धुतलेल्या ब्लँकेटांना मात्र ओल्या मातीचा वास येत होता.

पुढचं ऐकायला धीर गोळा करावा लागला. "आय ॲम अलोन, बट आय ॲम नॉट लोनली." मी एकटी आहे, पण एकाकी नाही. मग तो आवाज आला, "आय ॲम अलोन... बट आय ॲम... लोनली."

'नॉट' गाळला होता.

भीती वाटलीच, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त राग आला. दादाचं तुणतुणं आता कपाटातूनही ऐकायचं म्हणजे अतीच झालं. बाई तरातरा जाऊन आत बसल्या आणि दार ओढून घेतलं.

"नॉट राहिला," त्या अंधारात म्हणाल्या. "माझ्या घरात वाक्य पुरं म्हणायचं. पुन्हा."

त्यांनी वाक्य म्हटलं आणि थांबल्या. अगदी शेजारी कुणीतरी श्वास घेतला... आणि 'नॉट' पुन्हा गाळला. दुसऱ्या खेपेलाही गाळला. बाई जागच्या हलल्या नाहीत. तिसऱ्या खेपेला ब्लँकेटामागून, फार कष्टाने, तो शब्द आला.

"शाबास," म्हणून बाई कपाटाचं दार उघडंच टाकून बाहेर आल्या आणि घटाघटा पाणी प्यायल्या.

तेवढ्यात दादाचा फोन आला. काय ठरलं, त्याने विचारलं.

"मी एकटी राहते," बाई म्हणाल्या, "आणि एकटीच राहणार."

सवयीने त्या क्षणभर थांबल्या. पलीकडे दादाने सुस्कारा सोडला.

"कळलं गं. दोनदा कशाला सांगतेस?"

बाईंनी एकदाच सांगितलं होतं. तरी आवाज त्यांनी हलू दिला नाही.

"एकदा सांगून तुला पटत नाही म्हणून," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि वळून पाहिलं. कपाटाचं दार आतून ओढून घेतलेलं होतं. इंग्रजी त्यांनी शिकवलं होतं. मराठी तिला आधीपासूनच येत होतं.