जरा बस, आलोच

लाईट दहाला येणार म्हणतात, म्हणजे साडेअकरा धरा. तोवर मोटार चालू होत नाही आणि केळीला पाणी लागत नाही. नवनीत, तो मोबाइल ठेव खिशात. ह्या दोधू आप्पाचं एकदा ऐक, मग खुशाल बंद इमारतींचे व्हिडिओ काढत हिंड. भुताखेतांवर माझा विश्वास नाही बुवा. पण नंदुरबारचे हुकमीचंद शेठ मला खोटं सांगणार नाहीत. तीस वर्षं त्यांच्याच दुकानातून माझा किराणा येतो.

त्यांचा नातू रिषभ. तेव्हा सतरा वर्षांचा, बारावीत. अंगानं काडी, डोक्यानं तल्लख, पण नाद लागला इमारतींचा. रस्त्यानं चालला की मान वर. खांब किती, जिना कुठं, उजेड कुठून येतो. त्यातही बंद पडलेले मॉल म्हणजे जीव की प्राण. कुठल्या कुठल्या देशांतल्या ओसाड मॉलचे फोटो मोबाइलमध्ये भरलेले. आजी तीजाबाई म्हणायची, "लोकांची पोरं हिरोइनींचे फोटो ठेवतात, आमचं येडं पडक्या भिंतींचे!"

आपल्याकडेही होताच की एक. कोरीटच्या रस्त्याला, तीन मजली, सगळा काचेचा. लोक त्याला काचमहाल म्हणत. सरकता जिना बघायला अक्कलकुव्याकडची माणसं जीपा भरून यायची आणि जिन्यापाशी चपला काढून मगच पाय ठेवायची. हसू नका, मीसुद्धा काढल्या होत्या. अडीच वर्षं चालला, मग एकेक शटर खाली आलं. गेटवर राहिला फक्त भीमसिंग वॉचमन.

रिषभला व्हायचं होतं आर्किटेक्ट. शेठ म्हणायचे, "आणि गादीवर कोण बसेल? तुझा बाप गेल्यापासून मी एकटा ओढतोय." पोरगा उलटून बोलणारा नव्हता. त्यानं मनाशी ठरवलं, काचमहालाचा अख्खा नकाशा स्वतः मोजून काढायचा, दादाजींपुढं ठेवायचा आणि सांगायचं, मला हे येतं, मला जाऊ द्या. तळमजला झाला, पहिला झाला. दुसरा राहिला होता. आणि कळलं, शुक्रवारी इमारत पाडणार.

त्या दिवशी मंगळवार. दोन हजार तेवीस, डिसेंबरची बारा तारीख. अमावस्या.

दुपारी शेठनी त्याला कोरीटला धाडलं, निर्मलाबाई म्हणून एका जुन्या गिऱ्हाइकाकडे दहा किलो तूरडाळ पोचवायला. डाळ दिली, चहा घेतला, आणि परतताना पावणेपाचला पोरानं स्कूटर काचमहालापाशी लावली.

भीमसिंग म्हणाला, "आते कोठे चालना रे भो? दिवस बुडी ऱ्हायना."

"एकच मजला शे, काका. तासभरमां उतरस."

"मी सहाले भाकर खावाले बसस. तेन्हा पहिले ये."

वर मोठी शांतता. मधल्या मोकळ्या चौकातून काचेच्या घुमटाचा लालसर उजेड खाली पडलेला. पोरगा खूश. टेप लावतोय, वहीत आकडे टिपतोय, स्वतःशी गुणगुणतोय. एक दुकान, दोन दुकानं, तेरा दुकानं. पुढचं चौदा नंबरचं. त्याचं शटर वर होतं.

आत दिवा. पांढरीशुभ्र गादी. आणि गादीवर एक म्हातारे शेठजी. धोतर, काळी टोपी, नाकावर चष्मा. रिषभला वाटलं, पाडणार म्हणून कुणी उरलंसुरलं सामान न्यायला आलं असेल. त्यानं वाकून "जय जिनेंद्र" केलं.

म्हातारा उठला. मारवाडीत म्हणाला, "बेटा, जरा बैठजा. म्हैं अबार आयो." म्हणजे जरा बस, आलोच.

आता तुम्ही-आम्ही असतो तर विचारलं असतं, का? कशाला? पण दुकानदाराचं पोर ते. बाजारात कुणीही वडीलधारा "जरा बस" म्हणाला की बसायचं, हे त्यांच्या रक्तात. गादी उघडी टाकायची नाही. रिषभनं बूट काढले आणि बसला.

म्हातारा चौकाच्या कठड्याकडे गेला. खांबामागं वळला.

पलीकडून बाहेर आला नाही.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. उठावं, तर गादी रिकामी कशी सोडायची? पोराला आपलीच चीड आली. ज्या गादीतून सुटायला इथं आलो, तिच्यावरच येऊन बसलो की! घुमटातला उजेड विझला. आतला दिवा तेवढा जळत होता. मग त्याच्या डोक्यात आलं... लाईट तर पाच वर्षांपूर्वीच तोडली आहे.

तेवढ्यात खालून आवाज आला.

खर्रर्र...

सरकता जिना. चालू झाला होता.

बसल्या जागेवरून कठड्याच्या काचेतून जिन्याचा पायथा दिसायचा. तिथं चपलांचा एक जोड होता. मघाशी नव्हता. माणूस कुणी नाही. त्यानं डोळे चोळले. तीन जोड. परत पाहिलं. सात. लहान मुलाचा सुद्धा.

जिना रिकामाच वर येत होता.

मग थांबला.

दुकानापुढं काहीच नव्हतं. पण खोबरेल तेलाचा वास आला. गर्दीत बसल्यासारखी ऊब लागली. कुणीतरी... अगदी समोर... श्वास घेतला.

आणि बाप रे, पोरानं काय करावं? लहानपणापासूनची सवय. गिऱ्हाईक उभं आहे आणि आपण गप्प, हे त्याला जमलंच नाही. तोंडातून निघून गेलं,

"या. काय दाखवू?"

...

...

बाईचा आवाज. हळू. आपल्याच भाषेत.

"पांढरं कापड दखाडा."

मागं फळ्या रिकाम्या. ओरडावं, पळावं, पण वाट त्यांच्यातूनच. आई आठवली. दादाजी आठवले. रात्री नऊला दादाजी कसे उठतात, ते आठवलं. मारवाडी दुकानदारांत दुकान बंद करतो असं म्हणत नाहीत हो, अशुभ मानतात. बढावतात, म्हणजे वाढवतात. दुकान बढाया म्हटलं की हटवादी गिऱ्हाईकसुद्धा उठतं, तो बाजाराचा कायदा.

रिषभ उभा राहिला. हात जोडले.

"दुकान... बढाया."

वास गेला.

ऊब गेली.

त्यानं बूट हातात घेतले, बाहेर उडी टाकली, शटर धाडकन खाली ओढलं आणि अनवाणी सुटला. खाली एकही चप्पल नव्हती. गेटवर भीमसिंग भाकरीचा डबा उघडून बसलेला. घड्याळात सव्वासहा.

घरी आल्यावर तापानं फणफणला. शेठनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बंद म्हणालास, की बढाया?"

"बढाया."

शेठनी देवाला हात जोडले. पोराच्या केसांतून हात फिरवला. "शाबास. आणखी काही नाही ना बोललास?"

रिषभनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"बोल, बेटा."

"शटर ओढताना... सवयीनं, दादाजी... गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं ना, म्हणून..."

"काय म्हणालास?"

"उद्या या."

शेठ मला सांगत होते, दोधू, मीच त्याला ते शिकवलं, त्याच्या बापालाही मीच शिकवलं; उद्या या म्हटलं, की उद्या गादीवर बसायचा शब्द दिला. आणि माझ्यापुढं ढसाढसा रडले. पहाटेच्या एसटीनं त्यांनी पोराला नाशिकला मावशीकडे पाठवलं. स्टँडवर म्हणाले, "जा. घरं बांध, मॉल बांध, काय पाहिजे ते बांध. पण आता कुठल्याच गादीवर बसू नकोस. माझ्यासुद्धा नाही." पोरगा आता तिथंच आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावी म्हणून येत नाही. शेठ एकटेच दुकान चालवतात.

काचमहाल काही त्या शुक्रवारी पडला नाही. कागदपत्रात अडकला. पाडायला मुहूर्त लागला तो गेल्या ऑगस्टात. जेसीबीवर आपला डोंगरसिंग होता. त्याच्याच तोंडून ऐकलंय मी. वरची शटरं आधी उतरवत होते. चौदा नंबरचं गंजून जाम बसलेलं, उघडेना. शेवटी कटर मागवला. तासभर लागला.

आत गादी होती. धुतल्यासारखी पांढरी. बाकी सगळीकडे बोटभर धूळ.

गादीवर कुणीतरी मांडी घालून बसल्याचा खळगा होता. मोठ्या माणसाचा नव्हे. बारीक अंगाच्या पोराचा.

डोंगरसिंगनं त्यावर हात ठेवला.

गरम होता.