न ऐकलेल्या दुव्याला आमीन

ती गोष्ट १९९८ सालच्या सप्टेंबरातली. उझबेकिस्तानातल्या मर्गिलानच्या आमच्या मोहल्ल्यात शेजारच्या सैदाचं लग्न होतं, आणि पुलावाची पिवळी गाजरं चिरायला अख्खा मोहल्ला तिच्या अंगणात जमला होता.

सनोबर गाजरांची टोपली घेऊन फाटकातून आत आली आणि नेमक्या त्याच क्षणी कुणीतरी करनाय फुंकली. माणसाहून लांब ती पितळी तुतारी, चार गल्ल्यांना लग्नाची खबर देणारी! सनोबरच्या दोन्ही कानांमागची ऐकण्याची यंत्रं किंचाळली. टोपली पडली, गाजरं गडगडली, ती कान धरून खाली बसली.

वाजवणारा धावत आला. अशा वेळी लोक मागून ओरडतात, खांदा हलवतात. हा मात्र ऊन आपल्या तोंडावर पडेल असा तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिनं वर बघेपर्यंत थांबला.

"चुकलं माझं," तो सावकाश म्हणाला. "आधी आवाज कमी करा. मग मला शिव्या द्या."

सनोबरचा हात रुमालाकडे गेला. "कसला आवाज? माझ्या कानांना काही झालेलं नाही."

"मग शिट्टी कोण वाजवतंय... गाजरं?"

तिला हसू आवरेना.

तो तोलिब, करनायवाल्यांचा मुलगा. "आमचे वडील चाळीस वर्षं हीच फुंकतायत," गाजरं वेचता वेचता तो सांगू लागला. "कान गेले त्यात. आमच्या घरी बोलण्याआधी बाही ओढायची, मग समोर बसायचं. नाहीतर मीठसुद्धा मिळत नाही."

सनोबरच्या घरची रीत वेगळी. आई, रानो आपा, रोज बजावायची... बावीस वर्षांची झालीस, रुमाल पुढे ओढ, यंत्रं दिसली तर कोण करील तुला? रेशमाच्या कारखान्यात एकेकाशी बोलताना सनोबरला छान ऐकू यायचं. पण अंगणात? सुऱ्यांची टकटक, डफ, समोवार, पोरं, सगळं एकाच जोरानं कानात ओतलं जायचं. मग ती यंत्रं बंद करायची, हसायची आणि मान हलवायची. प्रत्येकाला.

तोलिबनं तिचा पाट उचलला नि तुतीच्या झाडाखालच्या भिंतीशी ठेवला. "इथे पाठ भिंतीला लावा. मागचा गोंगाट ती अडवेल. डफ उजवीकडे राहील आणि डावा कान माझ्याकडे."

"तुमच्याकडे कशाला?"

"गाजरं चिरायला मीही आलोय."

"एवढ्या जाड फोडी? हा पुलाव आहे की घोड्याचा चारा?"

"तुम्ही बघताय म्हणून हात थरथरतो..."

लग्नाच्या गर्दीत पूर्ण वाक्यं तिच्या कानांवर पहिल्यांदाच पडत होती. आणि तीही अशी!

एवढ्यात पाहुणे आले. तोलिबला वडिलांनी बोलावलं, तीन करनाया एकदम घुमल्या. सनोबरनं दोन्ही यंत्रं बंद केली आणि बायकांबरोबर जेवणाच्या दस्तरखानावर जाऊन बसली. शेजारी बसलेल्या, कोकंदहून आलेल्या मुत्तबर खालांनी तिचा गाल कुरवाळून काहीतरी विचारलं. ती हसली, मान हलवली. खालांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा हलवली. मग मोहल्ल्यातल्या सर्वांत वडील आजी, हलीमा बुवींनी दुव्यासाठी तळहात वर केले, बायकांनी केले, म्हणून सनोबरनंही केले. दर जेवणाला करतात तसेच. सगळ्यांबरोबर तिनं तळहात चेहऱ्यावरून फिरवले. आमीन!

तिच्या अंगावर खडीसाखर उधळली गेली. आई डोळे पुसत होती. सैदाचंच काहीतरी असेल, असं वाटून सनोबर हसत राहिली.

तोलिबनं मात्र करनाय ओठांवरून खाली घेतली होती. तो आला, हळूच तिची बाही ओढली, ती यंत्रं चालू करीपर्यंत थांबला.

"मुबारक असो."

"कशाबद्दल?"

"तुम्हाला माहीत नाही? खालांच्या मुलाशी तुमचा फातिहा झाला आत्ता. तुम्ही आमीन केलंत."

फातिहा झाला की सोयरीक पक्की. ती मोडली तर घराण्यांचं येणंजाणं तुटतं.

"तुम्हाला... वाईट वाटलं?" तिनं विचारलं.

"मला कशाला वाटेल?" तो म्हणाला. पण ओठ वाचणाऱ्या मुलीपासून ओठांची थरथर लपत नाही.

ती तडक दस्तरखानाशी गेली आणि रुमाल मागे सारला. "बुवी, तुमचा दुवा मी ऐकलाच नाही. ही यंत्रं बंद होती."

"सनो!" आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी दोनदा विचारलं!" खाला कडाडल्या. "दोनदा मान हलवली हिनं!"

"खाला, मी सगळ्यांनाच हलवते. काल भोपळेवाल्याला हलवली, अकरा भोपळे घरी आले."

अंगणभर हशा पिकला. खाला सोडून. "बरं झालं, आधीच कळलं," म्हणत त्या उठून गेल्या. रानो आपांनी मान खाली घातली.

हलीमा बुवी मात्र हसत होत्या. "न ऐकलेला दुवा पोरीच्या माथी मारायचा होय? पुन्हा मागू. बोल, कुणाच्या नावानं?"

सनोबरनं तुतीखालच्या भिंतीकडे पाहिलं. तोलिब गर्दीतून वाट काढत तिच्यासमोर, उजेडात येऊन उभा राहिला.

"चालू आहेत ना दोन्ही?"

"आहेत."

"मग... गुरुवारी आमच्या घरच्या बायका मागणी घालायला पाठवू?"

"पुन्हा विचारा."

"ऐकू नाही आलं?"

"आलं..." ती म्हणाली. "पुन्हा ऐकायचंय."

मुत्तबर खालांना पुढे नमंगानची सून मिळाली. ती इतकी बोलते की खालाच कानांत कापूस घालतात. तोलिबच्या वडिलांनी सुनेच्या धाकानं यंत्र लावलं, आणि आपली करनाय किती बेसूर आहे हे त्यांना कळलं. हलीमा बुवी त्र्याण्णवाव्या वर्षी गेल्या, शेवटपर्यंत सगळ्यांना दुवा देत. रानो आपांनी लेकीसाठी स्वतःच्या हातानं, यंत्रं दिसतील असे कानांमागे बसणारे रुमाल शिवले.

तोलिब अजून लग्नांत करनाय फुंकतो. ओठांना लावण्याआधी तुतीखालच्या भिंतीकडे बघून हात वर करतो, सनोबर आवाज कमी करीपर्यंत थांबतो.

आणि ती मुद्दाम उशिरा बघते.