शिनोबीची खूण

"संध्याकाळी किल्ल्यावरचे साहेब येतील आणि म्हाताऱ्याचं मुंडकं उडवतील. काहीतरी करा, ओकायोबाई!" शिपाई तोराजिरो घाट चढून धापा टाकत होता.

ओकायो इगा प्रांतात औषधं विकत हिंडायची आणि जमेल तशा लोकांच्या भानगडी सोडवायची. तिने पेटी खाली ठेवली. देवळाच्या पायरीवर भर दुपारच्या उन्हात मांजर पसरलं होतं. तिने हनुवटी खाजवल्यावर त्याने वर पाहिलं. डोळ्यांतल्या बाहुल्या सुईएवढ्या बारीक.

"मांजराचे लाड नंतर करा हो!"

"ओरडू नकोस. झालं काय ते सांग."

काल दिवेलागणीला मरीची देवीची सोन्याची मूर्ती गायब झाली होती. भिंतीखाली काळे कपडे, दोराचा आकडा आणि फेकून मारायच्या लोखंडी चांदण्या सापडल्या. गावात खरा शिनोबी, म्हणजे बाहेरचे लोक ज्याला निन्जा म्हणतात तो, एकच उरला होता: देवळाचा राखणदार योहेई. त्याला देवळाच्या खांबाला बांधून घातलं, तरी तो अवाक्षर बोलत नव्हता.

"एरवीही राखणदाराची जागा मोडीत काढायचं चाललंय," तोराजिरो म्हणाला. "चोरच येत नाहीत, राखणार काय?"

पुजारी रियोकाई हात चोळत आले. "दुपारी मूर्ती होती हो! संध्याकाळी दिवा लावायला गेलो, तर चौथरा रिकामा."

"अंगणात कोण होतं?"

"कोणी नाही. पानसुद्धा नव्हतं, अंगण लख्ख होतं."

ओकायोने वर पाहिलं. मेपलची पानं सारखी गळत होती.

योहेईचा जावई किहाची फारच घाईत होता. सासऱ्यानंतर राखणदाराची जागा त्यालाच मिळायची होती. बायकोचे दिवस भरत आले होते.

"मी काल दुपारीच दर्शन घेऊन गेलो, बाई. नंतर इकडे फिरकलोही नाही. अंगणात चिटपाखरू नव्हतं. हे मांजर तेवढं होतं, इथेच पायरीवर. जांभळाएवढे गोल डोळे करून बघत होतं मेलं!"

"बरं," ओकायो म्हणाली. "तोराजिरो, सगळ्यांना बोलाव."

"सापडला चोर? कोण? मला तर काही कळलं नाही!" सगळे खांबापाशी जमल्यावर तोराजिरोने विचारलं.

"शिनोबी येऊन गेला, हे कशावरून?"

"कपड्यांवरून. चांदण्यांवरून."

"म्हणूनच तो शिनोबी नव्हता. खरा शिनोबी खूण ठेवेल का? शिनोबी येऊन गेला हे कळावं, अशी कुणाची तरी इच्छा होती." ती वळली. "किहाची, ते मांजर बघ. दुपारच्या उन्हात डोळे कसे आहेत?"

किहाचीने पाहिलं आणि तो पांढराफटक पडला.

"गोल डोळे तू अंधार पडताना पाहिलेस. मांजराच्या डोळ्यांवरून वेळ ओळखणं ही शिनोबीची पहिली शिकवण. सासऱ्यांनी शिकवलं नाही?"

"शिकवायचे... मला कंटाळा यायचा," किहाची म्हणाला. "मूर्ती चौथऱ्याखालीच आहे. मला वाटलं, चोरी झाली तर किल्ल्यावरच्यांना आमची आठवण येईल. मग मीच शोधून देणार होतो. सासऱ्यांना धरतील असं खरंच वाटलं नव्हतं!"

ओकायो म्हाताऱ्याचे दोर सोडू लागली. "आजोबा, इतकी पानं गळतात आणि अंगण लख्ख. काल संध्याकाळी तुम्ही इथेच होतात ना?"

"झाडत होतो," योहेई म्हणाला.

"कुठे?" किहाची ओरडला. "मला कसे दिसला नाहीत?"

"तुझ्या पुढ्यातच होतो. नातवाचा बाप जाऊ नये, म्हणून गप्प राहिलो." एवढं बोलून त्याने खराटा उचलला.

तोराजिरोने मान खाली घातली आणि मूर्ती जागेवर नेऊन ठेवली. "पुसायला काढली होती, असं सांगू," तो पुटपुटला.

साहेब आले, मूर्ती पाहिली आणि वैतागले. "उगाच घाट चढायला लावलात! इथे चोर नाहीतच. राखणदाराची जागा आजपासून बंद. आहे कोण तो? बोलवा त्याला."

तोराजिरोने समोर बोट दाखवलं.

"कुठे?" साहेब म्हणाले, आणि खराटा आडवा आला म्हणून जरा बाजूला सरकून उभे राहिले.