‘तो’च्या आधीचं अक्षर

रविवारी जेवणं आटोपल्यावर थोरलीने दुरुस्तीवाल्याकडून व्हीसीआर मागून आणला. देताना त्याने तिची कॅसेट उजेडात धरून पाहिली होती.

“ताई, फीत झिजलीय. चार वेळा चालेल, पाचव्यांदा भरवसा नाही. एकदाच नीट उतरवून घ्या.”

एकदाच आणि नीट! थोरली म्हणजे आधी उडी, मग विहीर. पण हे काम तिला जिवापाड करायचं होतं.

कॅसेटवर अकरा मिनिटं होती. सव्वीस वर्षांपूर्वी मामाने नवा कॅमेरा मिरवत याच घरात काढलेली. कुंड्या, मांजर, आणि शेवटी दारात चपला घालणारे बाबा. त्या दुपारी ते बाहेर पडले आणि संध्याकाळी चादरीखाली घरी आले. निघताना ते ‘येतो’ म्हणाले नाहीत, ‘जातो’ म्हणाले, असं आईने मनाशी धरलं होतं. “मी टोकायला हवं होतं गं. हात कामात होते,” हे ती आजही उगाळत होती. आता तिचा एक कान गेला होता आणि दुसराही जायच्या वाटेवर होता. तो जायच्या आत तिला ते अक्षर ऐकवायचंच, असं थोरलीने ठरवलं होतं.

तिने व्हीसीआर संगणकाला जोडला आणि कॅसेट उतरवायला घेतली. पहिल्या खेपेला चित्र अडखळलं. बाबा पाठमोरे, खरखर, मग नुसतंच “...तो.” संगणकाने चित्राच्या दोनशे बारा चौकटी, म्हणजे फ्रेम, गाळल्या होत्या.

थोरलीने बाकीचे सगळे प्रोग्राम बंद केले. चौकटी गळल्या चाळीस. मग स्पिरिटने व्हीसीआरचं हेड पुसलं, केबल बदलली, व्हिडिओ कॉम्प्रेस न करता साठवायला लावला. तिसऱ्या खेपेला नऊच! चित्र असं उजळलं की बाबांच्या सदऱ्याचं तुटकं बटणसुद्धा दिसलं. थोरली आनंदाने खुर्चीतच नाचली.

एक गोष्ट मात्र तिला खटकली. गळलेल्या चौकटी दर वेळी दारापाशीच होत्या. आणि बाबा आता पाठमोरे नव्हते, अर्धे वळलेले होते. आधी नीट दिसलं नसेल, असं म्हणून तिने विषय सोडला.

“आई, ये. या खेपेला होणारच.” बाहेरून जोडलेली डिस्क काढून तिने फाइल संगणकातच साठवायला लावली, आईच्या कानांवर हेडफोन चढवले आणि स्वतः दुसरे लावले.

गळलेल्या चौकटी शून्य. कुंड्या, मांजर, दार. बाबा पूर्ण वळले आणि सरळ समोर बघत म्हणाले, “येतो.”

“येतोच म्हणाले! ऐकलंस?” आई रडत होती, हसत होती. सव्वीस वर्षांचं ओझं एका अक्षराने उतरलं. मग तेव्हा राहून गेलेलं उत्तर तिने पडद्याला दिलं. “या... लवकर या.”

खट्. व्हीसीआरने कॅसेट बाहेर टाकली. थोरलीने ती हातात घेतली. गरम होती.

पडद्यावर मात्र रिकामं दार तसंच होतं. कोपऱ्यातलं रेकॉर्डिंगचं घड्याळ पुढे सरकत होतं. बारा मिनिटं... तेरा... गळलेल्या चौकटी शून्य.

“आई... कॅसेट माझ्या हातात आहे गं...”

आईचं लक्ष नव्हतं. ती केस सारखे करत होती. “जिन्यात आहेत,” ती हळूच म्हणाली. “चपला वाजतायत.”

थोरलीने आपल्या कानांवरचे हेडफोन घट्ट दाबले. काहीच नाही. मग तिने आईचे हेडफोन काढले. “आई, यात काही वाजत नाहीये...”

“यात नाही गं. बाहेर.” जिला दोन वर्षांत दाराची बेल ऐकू आली नव्हती, ती आई उठून कडी काढायला निघाली.

 थोरलीची नजर पडद्यावर खिळली होती. तिथे त्याच दाराशी, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, बाबांच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या.